इंदिरानगरचा आमचा जनावरांचा दवाखाना, ज्यांनी पहिल्या दिवशी लस द्यायला चक्क नाही म्हंटलं

हे लिहायला मला वर्षभर उशीर झालाय. मागच्या आठवड्यात आमच्या कुत्रीचा, बुंदीचा, वर्षाचा रेबीजचा डोस झाला, घरी येऊन तिच्या लशींच्या पुस्तकात तिसरं स्टिकर बघितलं आणि म्हंटलं आता लिहायचंच. दवाखाना नाशिकच्या इंदिरानगरात आहे, जॉगिंग ट्रॅकपासून थोडं आत, एका बंगल्याच्या खालच्या दोन खोल्यांमध्ये. नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण डॉक्टर मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या नाव नको, जवळचे लोक येतातच, लांबून गर्दी झाली तर माझ्या एकटीच्याने होणार नाही, त्यापेक्षा तुम्ही लशीबद्दल लिहा. तर लशीबद्दलच जास्त लिहितेय, आणि दवाखान्यात जे डोळ्यांनी बघितलं ते.

बुंदी म्हणजे आमची लॅब्रॅडॉर. पिवळी, जरा मिक्स असावी. २०२५च्या जानेवारीत दिरांनी मुलांसाठी आणली होती, एका पेट शॉपमधून, ४५ दिवसांची. तिच्याबरोबर एक छोटं पुस्तक मिळालं, वर कुत्र्याचा फोटो, आत लशींचे रकाने. दुकानदार म्हणाला सगळ्या लशी झाल्यात, काही काळजी करू नका, आता डायरेक्ट पुढच्या वर्षी. रेबीजच्या पानावर निळ्या पेनने तारीख लिहिलेली आणि पुढे टिक. आम्ही घरात पहिल्यांदाच कुत्रं आणलेलं, आम्हाला काय कळणार, पुस्तक आहे, तारीख आहे, टिक आहे, म्हणजे झालं. ते पुस्तक टीव्हीच्या कपाटात ठेवलं आणि सहा महिने उघडलंसुद्धा नाही.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी ताई म्हणजे माझ्या नणंद त्यांच्या मुलाला घेऊन आल्या होत्या चार दिवस, त्या नाशिकरोडला राहतात. ओजस सात वर्षांचा. तो आणि बुंदी गॅलरीत बॉल खेळत होते, बॉल दोघांनी एकदमच पकडला आणि बुंदीचा दात त्याच्या तळहाताच्या कडेला लागला. मुद्दाम चावली नाही हो ती, खेळताना झालं, पण दात लागला आणि रक्त आलं ही गोष्ट खरी. तो रडायला लागला, बुंदी कोपऱ्यात जाऊन बसली, आणि घरात एकच गोंधळ. आई म्हणजे माझ्या सासूबाई, त्या मूळच्या निफाडकडच्या, त्या लगेच किचनमधून तिखटाचा डबा घेऊन आल्या, म्हणे आमच्याकडे कुत्रं चावलं की मिरची भरायचे, विष उतरतं. शेजारच्या काकू म्हणाल्या हळद लावा. मी नवऱ्याला म्हंटलं आधी कोणाला तरी फोन करा, तर कॉलनीतल्या ज्यांच्याकडे कुत्रा आहे त्यांनी या दवाखान्याचा नंबर दिला.

फोन तिथल्या मामांनी उचलला, मॅडमचे मदतनीस आहेत ते, पन्नाशीचे असतील. मी सगळं एका दमात सांगितलं आणि मामांनी पहिला प्रश्न विचारला, धुतलं का? म्हंटलं नाही अजून. म्हणाले ताई फोन चालू ठेवा, पोराला बेसिनपाशी न्या, नळ सोडा, साबण लावा, आणि घड्याळात बघून पंधरा मिनिटं धुवायचं, पट्टी बांधायची नाही, तिखट हळद चुना तेल काही काही लावायचं नाही. पंधरा मिनिटं म्हणजे किती असतात ते तेव्हा कळलं. ओजस तीन मिनिटांत कंटाळला, पाणी गार, हात झोंबतोय, ताई त्याला धरून बसल्या होत्या आणि मी कपडे धुवायचा साबण घेऊन धूत होते कारण हाताला तोच लागला. नंतर मॅडमनी सांगितलं की साबण कुठलाही चालतो, हा विषाणू साबणाने मरतो, त्याच्यावर चरबीचं आवरण असतं ते साबणाने फुटतं आणि वाहत्या पाण्याने तो जखमेतून निघून जातो. मिरचीने उलट जखम चिघळते, आणि लोक मिरची लावून घरी बसतात, दवाखान्यात जातच नाहीत, खरा धोका तिथे आहे.

धुऊन झाल्यावर मी, नवरा, ताई, ओजस आणि बुंदी, सगळे रिक्षाने दवाखान्यात. मला वाटलं आता बुंदीला लस देतील, बिल होईल, सुटलो. तसं काही झालं नाही.

मॅडमनी ओजसचा हात बघितला आणि म्हणाल्या, पुस्तक आणलंय का. मी अभिमानाने पुढे केलं. त्यांनी रेबीजचं पान उघडलं, दोन सेकंद बघितलं, आणि मला जवळ बोलावून त्या पानावर बोट ठेवलं. म्हणाल्या, इथे स्टिकर कुठे आहे? मला स्टिकर म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. त्यांनी टेबलवरचं दुसरं एक पुस्तक दाखवलं, कोणाचंतरी तिथे राहिलेलं. त्यात रेबीजच्या रकान्यात बोटाच्या नखाएवढ्या उंचीचं एक चिकटवलेलं लेबल होतं, त्यावर लशीचं नाव, बॅच नंबर, एक्स्पायरी, आणि शेजारी डॉक्टरांची सही, शिक्का, रजिस्ट्रेशन नंबर. लशीच्या बाटलीवरच हे लेबल असतं, निम्मं सोलून निघतं, ते पुस्तकात लावायचं असतं. आमच्या पुस्तकात सही नाही, शिक्का नाही, स्टिकर नाही, फक्त पेनाची तारीख. आणि ती तारीख सुद्धा बुंदी ४५ दिवसांची असतानाची! मॅडम म्हणाल्या त्या वयात रेबीजची लस दिली असली तरी ती धरायची नाही, पिल्लाच्या अंगात आईच्या दुधातून आलेल्या अँटिबॉडीज, म्हणजे रोगाशी लढणारे घटक असतात, त्या लशीला कामच करू देत नाहीत, म्हणून रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाले की द्यायची. त्या आधी पिल्लांना जी देतात ती पार्व्हो, डिस्टेंपर वगैरे कुत्र्यांच्या दुसऱ्या आजारांची, लोक तिला सेव्हन इन वन, नाइन इन वन म्हणतात, आणि नऊ म्हंटलं की लोकांना वाटतं सगळं आलं त्यात. बऱ्याचदा त्यात रेबीज नसतं. काही कॉम्बिनेशनमध्ये असतं पण ते बाटलीवर स्पष्ट लिहिलेलं असतं, म्हणून विचारायचं, वाचायचं.

मला तिथेच रडू आलं, खरं सांगते. सहा महिने आम्ही निर्धास्त होतो. मुलं तिच्याबरोबर झोपायची, ती तोंड चाटायची, सोसायटीतली सगळी पोरं तिला हात लावायची, आणि आमच्याकडे होती ती फक्त एक निळी टिक.

मग मॅडम जे म्हणाल्या त्यासाठी हा सगळा रिव्ह्यू आहे. म्हणाल्या, कुत्रीला आज मी लस देणार नाही. मुलाला आत्ताच्या आत्ता सिव्हिलला न्या, तिला घरी ठेवा आणि दहा दिवस बघा. नवरा म्हणाला मॅडम आता आलोच आहोत तर देऊन टाका ना, पैशाचा प्रश्न नाही. त्या म्हणाल्या पैशाचा नाहीच आहे, आज लस दिली आणि उद्या तिला ताप आला, ती सुस्त झाली, तर ते लशीमुळे की आजारामुळे हे मला कळणार नाही, आणि कळणं मुलासाठी गरजेचं आहे. लाळेतून विषाणू बाहेर पडायला लागल्यावर कुत्रा थोड्याच दिवसांत आजारी पडतो आणि मरतो, म्हणून चावल्यापासून दहा दिवस कुत्रा ठणठणीत राहिला तर चावला त्या दिवशी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं धरतात. पण दहा दिवस बघायचं म्हणजे मुलाची लस दहा दिवस थांबवायची असं नाही, हे त्यांनी तीन वेळा सांगितलं, ताईंकडे बघून. मुलाची आजच सुरू. तपासणीचे पैसे विचारले तर म्हणाल्या आज काही नाही, जा लवकर.

एक रुपया न घेता आम्हाला परत पाठवणारा दवाखाना मी पहिल्यांदा बघितला.

सिव्हिलला म्हणजे त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात गेलो. रक्त आलं म्हणजे तिसऱ्या, सगळ्यात गंभीर कॅटेगरीची जखम, त्यामुळे लशीबरोबर सिरमसुद्धा, ते जखमेच्या आजूबाजूला टोचतात, तयार अँटिबॉडीज असतात त्या, लस अंगात काम करायला लागेपर्यंत जखमेतच विषाणूला अडवायला. ओजस खूप रडला त्याला. लस मात्र दोन्ही दंडांवर कातडीत थोडी थोडी, त्याला एवढं काही वाटलं नाही. धनुर्वाताचं पण दिलं. पहिला दिवस शून्य धरायचा, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. सगळं फुकट. आमच्या आईंच्या डोक्यात अजून पोटात चौदा इंजेक्शनं होतं, त्यांनी लहानपणी बघितलेलं, त्या काळी मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली लस असायची, ती भारतात बंद होऊन वीस वर्षं झाली. पण ती भीती लोकांच्या मनातून गेलेली नाही, आणि त्या भीतीने आजही लोक चावलेलं लपवतात, विशेषतः मुलं, आई ओरडेल म्हणून.

ते दहा दिवस. बुंदीला आतल्या खोलीत ठेवलं, मुलांना तिच्याजवळ जाऊ दिलं नाही, जेवण नवरा द्यायचा. मामांनी मला सांगून ठेवलं होतं काय बघायचं ते. आवाज बदलतो का, भुंकणं घोगरं होतं का, खालचा जबडा लोंबतो का, लाळ गळते का, अंधारात जाऊन बसते का, उगाच लाकूड, दगड चावते का, एरवी शांत असलेली अंगावर येते का किंवा एरवी लांब राहणारी एकदम लाडात येते का. मी रोज सकाळी उठले की आधी तिच्या पाण्याच्या भांड्यात बघायचे, पाणी कमी झालं का. लोकांना वाटतं पिसाळलेलं कुत्रं म्हणजे लाळ गाळत पळत सुटलेलं, पण मॅडम म्हणाल्या काही कुत्री अगदी गप्प होतात, कोपऱ्यात बसून राहतात, ती ओळखायला अवघड. रोज संध्याकाळी मामांचा फोन यायचा, ताई काय म्हणते आमची बुंदी, जेवली का. रोज. दहाही दिवस. या फोनचे कोणी पैसे देत नाही त्यांना.

आईंना पण या दिवसांत एक जुनं आठवलं ते त्यांनी आधी कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या माहेरी म्हशीला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं, कोणाला कळलं नाही. महिन्या दोन महिन्यांनी म्हैस हंबरायला लागली, लाळ गळायला लागली, गिळता येईना, तर घरच्यांना वाटलं घशात काहीतरी अडकलंय, आणि घरातल्या दोघांनी कोपरापर्यंत हात घालून बघितलं. म्हैस चार दिवसांत गेली. त्या दोघांना मग तालुक्याला नेऊन ती पोटातली इंजेक्शनं दिली, म्हणून वाचले. हे मी मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या असंच होतं, गाई म्हशींच्या रेबीजमध्ये सगळ्यांना तेच वाटतं, घशात अडकलंय. हाताला साधी ओरखड असली तरी लाळ तिथून जाते.

त्याच सुमारास उत्तर प्रदेशातल्या त्या कबड्डी खेळाडूची बातमी आली, तुम्ही पण वाचली असेल. राज्य पातळीवर खेळलेला तरणाबांड पोरगा, गटारात पडलेलं पिल्लू काढायला गेला, पिल्लू बोटाला चावलं, त्याला वाटलं एवढंसं पिल्लू त्याचं काय, लस घेतली नाही, आणि दोन तीन महिन्यांनी गेला. आईंनी ती बातमी पेपरात वाचली तेव्हा ओजसचा शेवटचा डोस बाकी होता. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त ताईंना फोन लावून विचारलं तारीख कुठली आहे, लक्षात आहे ना.

ते दोन तीन महिने का लागतात हे मला मॅडमनी समजावलं आणि ते समजल्यावर बाकी सगळं आपोआप कळलं. हा विषाणू रक्तातून पळत नाही, चावलेल्या जागेपासून नसांमधून हळूहळू वर सरकत मेंदूकडे जातो. मेंदूपर्यंत पोचायला आठवडे, महिने लागतात, म्हणून मधल्या वेळात माणसाला लस देता येते आणि ती काम करते. हात पाय लांब, तोंड जवळ, म्हणून लहान मुलांना तोंडावर, मानेवर चावलं तर जास्त घाई. पण एकदा लक्षणं सुरू झाली, पाणी बघून घसा आवळायला लागला, की मग औषध नाही. जवळजवळ कोणीच वाचत नाही. दवाखान्याच्या भिंतीवर एक पोस्टर आहे त्यावर लिहिलंय की जगात दरवर्षी अंदाजे ५९ हजार माणसं रेबीजने जातात आणि माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्के कुत्र्यामुळे. भारताचा आकडा आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या अलीकडच्या अभ्यासात वर्षाला ५,७२६ आलाय. शंभर टक्के मारणारा आजार आणि शंभर टक्के टाळता येणारा, दोन्ही एकच.

अकराव्या दिवशी बुंदीला घेऊन गेलो. ठणठणीत होती, उलट खोलीत बसून कंटाळलेली, पायऱ्यांवरून मला ओढत नेलं तिने. आणि आता त्या लशीबद्दल, कारण मी ती पूर्ण बघितली. मॅडमनी आधी तिला तपासलं, ताप, डोळे, हिरड्या, पोट, जुलाब आहेत का विचारलं, जंताचं औषध कधी दिलं विचारलं, कारण आजारी जनावराला लस देत नाहीत. मग फ्रिज उघडला. हा फ्रिज फक्त लशींचा, त्यात पाण्याची बाटलीसुद्धा नाही, दारावर छोटं डिजिटल थर्मामीटर, त्यावर ४.६. शेजारी भिंतीला वही टांगलेली, तिच्यात मामा सकाळ संध्याकाळ तापमान लिहितात. लस २ ते ८ डिग्रीत राहिली पाहिजे, गरम झाली तरी वाया, गोठली तरी वाया. लाइट गेली तर फ्रिज इन्व्हर्टरवर आहे. बाटली अंगठ्याएवढी, मॅडमनी ती आधी मला वाचायला दिली, नाव, बॅच, एक्स्पायरी. मग हलवली, सिरिंजमध्ये घेतली, एक मिली, बुंदीच्या मानेमागची कातडी चिमटीत उचलली आणि दिली. बुंदी त्या वेळेला मामांच्या हातातलं बिस्किट खात होती, तिला कळलंसुद्धा नाही. मग मॅडमनी नखाने ते लेबल सोललं, पुस्तकातलं जुनं पान सोडून नव्या पानावर चिकटवलं, सही, शिक्का, पुढची तारीख. ते लेबल जरा वाकडं लागलं तर मामा म्हणाले राहू द्या मॅडम, दिसतंय ना नंबर.

नंतर अर्धा तास तिथेच बसायला लावलं, क्वचित एखाद्याला ॲलर्जी येते, तोंड सुजतं, उलटी होते, ते लगेच बघता यावं म्हणून. संध्याकाळी ती जरा सुस्त होती आणि टोचलेल्या जागी हरभऱ्याएवढी गाठ आली ती चार पाच दिवसांत गेली. एक महिन्याने दुसरा डोस दिला, आणि आता दरवर्षी. पहिल्या वेळेला तपासणी धरून साडेपाचशे रुपये झाले होते, दुसऱ्या वेळेला चारशे. आम्ही मिसळ खायला सगळे बाहेर गेलो तर एका रविवारचे तेवढे होतात.

काकूंनी मला विचारलं होतं की त्या लशीनेच कुत्र्याला रेबीज झाला तर? असं होत नाही, यातला विषाणू मारलेला असतो. आणि आमची बाहेर जात नाही हो, घरातच असते, असं म्हणणारे पण खूप आहेत, मी पण म्हणायचे. पण बुंदी दोनदा गेटमधून निसटून गेली होती, आणि सोसायटीत रात्री येणाऱ्या मांजरीबरोबर तिची एकदा चांगलीच झटापट झाली होती ते मला त्या दहा दिवसांत आठवत होतं. मांजरांना पण रेबीज होतो, मांजरांना पण लस लागते, आणि मांजर म्हंटलं की कोणी नेतच नाही. काकूंची मनी आम्ही उशीच्या अभ्र्यात घालून नेली, मानेपासून खाली सगळी आत, फक्त डोकं बाहेर. ही मामांची आयडिया, मांजरवाल्यांनी लक्षात ठेवा.

दवाखान्यात बघितलेला एक प्रसंग लिहिते कारण तो मला फार आवडला. मे महिना, दुपारची वेळ, एक दादा सिडकोकडून बाइकवर आले, बरोबर मोठा जर्मन शेफर्ड मित्राने मागे धरलेला. म्हणाले लस मी आणलीय, फक्त टोचून द्या, आणि शर्टच्या खिशातून बाटली काढली. मॅडमनी बाटली हातात घेतली, गालाला लावून बघितली आणि विचारलं, दादा किती वेळ खिशात होती? म्हणाले मेडिकलमधून घेतली, मग जेवलो, मग आलो, दीड तास असेल. मॅडम म्हणाल्या ही मी देणार नाही. दादा चिडले, चारशे रुपयाची आहे म्हणाले, दुसरीकडे देतील. मॅडम शांतपणे म्हणाल्या देतील कदाचित, पुस्तकात स्टिकर पण लागेल, आणि तुम्ही वर्षभर समजाल की झालीय. मी शेजारच्या बाकावर बसून ऐकत होते आणि माझ्या डोळ्यासमोर ती निळी टिक आली. मी त्या दादांना ओजसचं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, मग बाहेर जाऊन मित्राशी बोलले आणि आत येऊन म्हणाले तुमच्या फ्रिजमधली द्या. मेडिकलमधून आणायचीच असेल तर बर्फाच्या पिशवीत, थर्मासमध्ये आणा, आणि थेट दवाखान्यात या, मध्ये कुठे थांबू नका.

आता गल्लीतल्या कुत्र्यांचं. आमच्या लेनमध्ये नऊ कुत्री. एक आजोबा रोज सकाळी त्यांना पोळ्या घालतात, ती त्यांच्याच हातात येतात. मॅडम म्हणाल्या एखाद्या भागातल्या दहातल्या सात कुत्र्यांना लस झाली की तिथे रेबीज पसरायला वाट मिळत नाही, ७० टक्क्यांचा हिशोब जगभर धरतात. तर मागच्या वर्षी २८ सप्टेंबरच्या आसपास, तो जागतिक रेबीज दिवस असतो, लुई पाश्चर त्या तारखेला गेले म्हणून, आम्ही लेनमधल्या घरांनी पैसे काढले, मॅडमनी फक्त लशीचे घेतले, स्वतःचे काही नाही, आणि सकाळी सहाला आजोबांच्या पोळ्यांच्या वेळेला मामा बर्फाचा डबा घेऊन आले. सात झाली. आठवी पळाली, नववी म्हातारी आहे ती हातच लावू देत नाही. लोक म्हणतात कान कापलेल्या कुत्र्याची लस झालेली असते, तर कान कापलेला म्हणजे नसबंदी झालेली, त्या वेळेला रेबीजची लस देतात हे बरोबर आहे, पण ती तेव्हाची, कुत्र्याला दरवर्षी लागते. यंदा पण करणार आहोत, आठवीसाठी आजोबा आतापासूनच तयारी करतायत, रोज हातातून भरवतात.

दवाखान्याचं जे पटलं नाही ते पण सांगते. संध्याकाळी सहा नंतर गेलात तर तास दीड तास बसावं लागतं, नंबर फोनवर देत नाहीत. बाक दोनच, आणि कुत्री मांजरं एकाच खोलीत, मनीने एकदा एका पगच्या नाकावर पंजा मारला होता, वेगळी जागा हवीच. गल्ली अरुंद, कार लावायला जागा नाही, पावसाळ्यात बाहेर चिखल. रविवारी बंद, आणि रविवारी काही झालं तर कुठे जायचं याचा बोर्ड बाहेर लावला तर बरं होईल, मी मॅडमना बोलले आहे. पुढच्या डोसचा मेसेज येत नाही, तारीख आपणच लक्षात ठेवायची. मी मोबाइलमध्ये टाकली आहे आणि फ्रिजवर पण चिकटवली आहे. एक अर्धा स्टार यासाठी कमी. सकाळी दहाला गेलात तर गर्दी नसते आणि मामा निवांत बोलतात.

त्या पेट शॉपमध्ये पण मी जाऊन आले होते, पुस्तक घेऊन. भांडायला नाही, फक्त विचारायला की कोणत्या डॉक्टरांनी दिली ही लस. तो म्हणाला आठवत नाही, खूप पिल्लं असतात. मी तिथे पिंजऱ्याजवळ उभी होते, आत तशीच छोटी छोटी पिल्लं, आणि काउंटरवर तशाच कोऱ्या पुस्तकांचा गठ्ठा. तुम्ही पिल्लू आणलं असेल, घ्यायचा विचार असेल, तर पुस्तक उघडून बघा ना आज. रेबीजचं पान. स्टिकर आहे का, सही शिक्का आहे का, तारखेला पिल्लू तीन महिन्यांचं होतं का, आणि वर्ष होऊन गेलंय का. पाच मिनिटांचं काम आहे.

यंदा मे महिन्याच्या सुट्टीत ओजस पुन्हा आला. हातावर पांढरी बारीक रेघ राहिली आहे, ती तो सगळ्यांना दाखवतो. दारातून आत आल्या आल्या त्याने बुंदीचा बॉल शोधला. ताईंनी त्याला थांब म्हंटलं आणि मला म्हणाल्या, वहिनी, पुस्तक द्या जरा. मी कपाटातून काढून दिलं. त्यांनी सोफ्यावर बसून पान उघडलं, दोन्ही स्टिकरवरचा नंबर बोट फिरवत वाचला, तारीख बघितली, पुस्तक मिटलं आणि ओजसला म्हणाल्या, जा खेळ.